सात जणांच्या ऑफिससाठी स्वस्त आणि आवाज न करणारा सर्व्हर कुठला घ्यावा?

नौपाड्याची_सीए

नमस्कार मंडळी. नौपाड्यात माझं छोटं सीए ऑफिस आहे. जुनी बिल्डिंग, पहिला मजला, दोन खोल्या, वर प्लायवूडचा पोटमाळा. मी, माझी पार्टनर, दोन अकाउंटंट आणि तीन आर्टिकल मुलं (सीए शिकता शिकता काम करणारी), म्हणजे सात कॉम्प्युटर. आतापर्यंत टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि सगळ्या क्लायंट्सचे फोल्डर आमच्या सिनियर अकाउंटंटच्याच कॉम्प्युटरवर शेअर करून ठेवलेले होते, त्यांनी मशीन रिस्टार्ट केलं की बाकी सहा जणांची टॅली फेकली जायची, शिवाय त्या मशीनवर विंडोज १० आहे ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता काहीतरी नीट करायचंच असं ठरवलं.

आमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याने सेकंड हँड रॅक सर्व्हर आणून दिला, ४२ हजार, मोठ्या कंपनीतून निघालेला, ६४ जीबी रॅम वगैरे. पोटमाळ्यावर ठेवला आणि चालू केला तर पहिली दोन मिनिटं जेट सुटल्यासारखा आवाज, नंतर थोडा खाली येतो पण एक बारीक, सततची शिट्टी राहते. मला वाटलं सवय होईल. पण गेल्या आठवड्यात आमचे एक जुने क्लायंट आले, ७८ वर्षांचे आहेत, कानाला मशीन लावतात. बसल्यावर दोन-तीनदा कानाला हात लावला, मग मशीन काढून टेबलावर रुमालावर ठेवलं आणि म्हणाले बाई, यात नुसतं कुंईं वाजतंय, तुम्ही मोठ्याने बोला. त्यांच्या मिसेस गेल्यानंतरचे कागद होते, नॉमिनेशन, एफडी, सगळं नाजूक, आणि ते मला ओरडून सांगावं लागलं बाहेरच्या खोलीतल्या मुलांना ऐकू जाईल असं. त्या दिवशी संध्याकाळी मी तो डबा बंद केला, तो बंदच आहे.

तर गरज अशी आहे. टॅली प्राइम गोल्ड, म्हणजे नेटवर्कवर अनेकांनी वापरायचं लायसन्स, आमच्याकडे आहे. सगळा डेटा मिळून साधारण ६०० जीबी, त्यात जास्त करून स्कॅन केलेल्या पीडीएफ. ऑडिटचे वर्किंग पेपर किमान ७ वर्षं ठेवावेच लागतात म्हणजे हे वाढतच जाणार. बजेट सगळं धरून ५० हजार, अगदीच लागलं तर ६०. वेगळी सर्व्हर रूम नाही, होणारही नाही, मशीन माणसांच्या डोक्यावर किंवा पायाशीच राहणार. ऑफिसात दुसरं कोणी टेक्निकल नाही, जे काही करायचं ते मलाच शिकून करायचंय. कृपया अनुभव असेल तो सांगा.

मानपाडा_हार्डवेअर

ताई, आधी तो डबा परत करा, घेतला नाही परत तर निम्म्या किमतीत विका पण ऑफिसात ठेवू नका. मी वागळे इस्टेट आणि घोडबंदर साइडला १८ वर्षं हेच काम करतो आणि हा प्रकार वर्षातून चार-पाच वेळा तरी बघतो. सर्व्हर खराब नाहीये, तो चुकीच्या जागी आलाय. त्याला वन-यू म्हणतात, म्हणजे त्याची उंची जेमतेम साडेचार सेंटिमीटर. एवढ्याशा फटीत पंखा बसणार किती मोठा, तर ४० मिलिमीटरचा. तेवढ्याशा पात्याने दोन-दोन प्रोसेसर गार ठेवायचे म्हणजे त्याला दहा हजार आरपीएमच्या वर पळवावं लागतं, आणि असे सहा-आठ पंखे ओळीने असतात. ते मशीन ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरसाठी बनलेलं आहे, तिथे त्याच्या शेजारी कोणी खुर्ची टाकून बसत नाही.

पंख्याचं गणित सोपं आहे, तोच पंखा निम्म्या स्पीडने फिरवला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला निम्मा झाल्यासारखं वाटतं. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवायचा, हवा तेवढीच मिळते. १२० मिलिमीटरचा पंखा हजाराच्या आत-बाहेर फिरत असेल तर सीलिंग फॅन चालू असलेल्या खोलीत तो ऐकूच येत नाही. तुमच्या काकांना जो त्रास झाला तो आवाज मोठा होता म्हणून नाही फक्त, छोट्या पंख्याचा सूर वरचा असतो, ती शिट्टी कानाच्या मशीनमध्ये जास्त टोचते.

आता घ्यायचं काय. सात माणसांची टॅली आणि पीडीएफ हे काम सर्व्हरच्या हिशोबाने अगदी हलकं आहे हो, त्याला ६४ जीबी रॅम म्हणजे भाजी आणायला ट्रक. माझं मत, चांगल्या कंपनीचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून विकलेला ऑफिस डेस्कटॉप घ्या, डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर यापैकी कुठलाही, पण आय-फाइव्ह आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा, कारण विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन तरी लागते. उभा टॉवर घ्या, चपटा किंवा पुस्तकाएवढा मायक्रो नको, मायक्रोमध्ये मोठी डिस्क बसतच नाही आणि आतला पंखा परत छोटाच. १६ जीबी रॅमसकट १८ ते २२ हजारांत माझ्याकडून गेलेत असे, लॅमिंग्टन रोडला फिरलात तर अजून हजार-दोन हजार कमी होतील पण मग वॉरंटीसाठी परत ग्रँट रोडपर्यंत जावं लागेल हे धरा.

त्यात फिरणारी हार्ड डिस्क घालूच नका. तुमचा डेटा ६०० जीबी आहे, २ टीबीची सॅटा एसएसडी पुरेल, तिच्यात काही फिरत नाही त्यामुळे आवाज शून्य. टॅली नेटवर्कवर चालवताना एसएसडीचा फरक पहिल्या दिवशी कळतो कारण टॅली सतत छोटे छोटे तुकडे वाचत असते, फिरणाऱ्या डिस्कला त्यासाठी दरवेळी सुई हलवावी लागते.

आणि एक, रिफर्बिश्ड मशीन आणलं की पहिल्या दिवशी उघडून आतली धूळ ब्लोअरने काढायची, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावायची. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. पंखा आवाज करतो म्हणून लोक पंखा बदलतात, खरं तर पेस्ट सुकलेली असते, प्रोसेसर तापतो म्हणून पंखा धावतो. या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये पंख्याची पिन बऱ्याचदा कंपनीची स्वतःची असते, बाजारातला कुठलाही पंखा बसत नाही, त्यामुळे तिकडे हात घालू नका.

नौपाड्याची_सीए

खूप आभार दादा, इतकं सविस्तर मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. एक शंका, साध्या विंडोज ११ प्रोवर सात जण एकदम जोडले तर चालतं का? वेंडर म्हणत होता विंडोज सर्व्हरच लागेल आणि त्याचं लायसन्सच ६०-७० हजारांचं कोटेशन होतं.

मानपाडा_हार्डवेअर

चालतं. विंडोज ११ प्रो फाइल शेअरिंगला एकावेळी २० कनेक्शनपर्यंत परवानगी देतं, तुम्ही सात. विंडोज सर्व्हर स्टँडर्डला प्रत्येक युजरचं वेगळं कॅल, म्हणजे सर्व्हरला जोडायचं लायसन्स लागतं, तिथेच खर्च वाढतो. उद्या पंधरा-वीस माणसं झाली तर एसेन्शियल्स एडिशन बघा, ते २५ युजरपर्यंत कॅलशिवाय चालतं पण मशीनबरोबरच घ्यावं लागतं. आत्ता तुम्हाला त्याची गरज नाही. फक्त प्रत्येकाचं वेगळं युजरनेम-पासवर्ड करा, एव्हरीवनला फुल कंट्रोल, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन मोकळे होऊ नका.

बेलापूर_सिसअ‍ॅडमिन

मी थोडं वेगळं सांगतो, मानपाडावाल्या दादांचा अनुभव मोठा आहे तरी. २४ तास चालणाऱ्या मशीनमध्ये ईसीसी मेमरी असावी असं माझं ठाम मत आहे. ईसीसी म्हणजे मेमरीत एखादा बिट चुकून उलटला तर ती स्वतः ओळखते आणि दुरुस्त करते, साध्या रॅमला ते कळतच नाही आणि चुकलेला आकडा तसाच डिस्कवर लिहिला जातो. सीए ऑफिसात आकडेच असतात हो. एचपीईचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर बघा, जेन १० प्लस व्ही २, दोन वीटा शेजारी ठेवल्या एवढा आहे, चार डिस्क बसतात, ईसीसी आहे, अ‍ॅडॉप्टर बाहेर असल्यामुळे आत पॉवर सप्लायचा पंखाच नाही. सीबीडीत आमच्या क्लायंटच्या केबिनमध्ये टेबलावर फोनशेजारी ठेवलाय, चालू आहे का हे बघायला दिवा बघावा लागतो. नाहीतर सिनॉलॉजीचा चार डिस्कचा नास, म्हणजे नेटवर्कवर नुसत्या फायली ठेवायचा डबा, डीएस ९२३ प्लसमध्ये पण ईसीसी येते.

बजेटच्या बाहेर जाईल हे कबूल, मायक्रोसर्व्हर डिस्कशिवायच ७० हजारांच्या पुढे जातो. पण मग पाच-सात वर्षं परत बघावं लागणार नाही.

मानपाडा_हार्डवेअर

ईसीसीबद्दल तुमचं बरोबर आहे, मायक्रोसर्व्हर मलाही आवडतो, बजेट असतं तर मीपण तोच सांगितला असता. पण नासबद्दल ताईंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टॅली गोल्डचं लायसन्स नेटवर्कवर वाटायला जो टॅली गेटवे सर्व्हर लागतो तो विंडोजचा प्रोग्राम आहे, तो नासवर चढत नाही. म्हणजे नास घेतला तरी लायसन्ससाठी एक विंडोज मशीन चालू ठेवावंच लागणार, मग परत सिनियर अकाउंटंटच्या मशीनवर सगळं अवलंबून, जे त्यांना नको आहे. टॅली नसती, नुसत्या फायली असत्या, आर्किटेक्टचं ऑफिस असतं तर मी डोळे मिटून नास सांगितला असता.

बेलापूर_सिसअ‍ॅडमिन

हो, लायसन्सचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग डेस्कटॉपच घ्या, पण वाचलेले पैसे यूपीएस आणि बॅकअपमध्ये घाला, नव्या मॉनिटरमध्ये नको.

सानपाडा_कस्टम_ब्रोकर

ताई, मी हार्डवेअरमधला नाही, कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस आहे आमचं, नऊ माणसं. तुम्ही आवाजाबद्दल विचारलंय आणि सगळे मशीनबद्दल सांगतायत, पण मला बॅकअपबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आमचं जे झालं ते कोणाचं होऊ नये.

आमच्याकडे दोन डिस्कचं मिररिंग होतं, रेड वन म्हणतात ते, एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं. आम्ही निश्चिंत. एक डिस्क बंद पडली होती आणि पाच महिने कोणाला कळलंच नाही, कारण पडली तेव्हा मशीनने जो मेसेज दाखवला तो मशीनला स्क्रीन जोडलेला नसल्यामुळे कोणी बघितलाच नाही. दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, नंबरसुद्धा पाठोपाठचे. मग दुसरीही गेली. जुलै महिना, बाहेर मुसळधार, गोदीत कंटेनर अडकलेले, आणि आमच्याकडे एका जुन्या पेन ड्राइव्हवरचा आठ महिन्यांपूर्वीचा डेटा. बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदांच्या कॉपी एक एक करून क्लायंट्सकडून मेलवर परत मागवल्या. माझ्या धाकट्या भावाने सतरा दिवस घरी जेवण केलं नाही, डबा ऑफिसात यायचा.

आणि मिररिंग चालू असतं तरी एक संकट होतंच. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या व्हायरस आला तेव्हा जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं होतं, आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना आठवतंय, एवढ्या मोठ्या कंपनीचे कॉम्प्युटर बंद आणि गेटवर हाताने कागद लिहायची वेळ आली. असा व्हायरस आला की तो एका डिस्कवरच्या फायली बिघडवतो आणि मिररिंग त्याच बिघडलेल्या फायली इमानदारीने दुसऱ्या डिस्कवर करून ठेवतं. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून कोणी फोल्डर डिलीट केलं तरी तेच.

आता आम्ही असं करतो. एक बाहेरची यूएसबी डिस्क मशीनला लावलेली असते, तिच्यावर रोज रात्री ९ ला बॅकअप जातो. दोन छोट्या पोर्टेबल डिस्क वेगळ्या आहेत, एकीवर लाल टेप एकीवर हिरवी, दर शनिवारी एक लावायची, कॉपी झाली की काढायची आणि माझी बायको ती घरी नेते, पुढच्या शनिवारी दुसरी. काढलेल्या डिस्कला कुठलाच व्हायरस पोचू शकत नाही. आणि महिन्यातून एकदा मी स्वतः त्यातलं एखादं जुनं फोल्डर परत काढून उघडून बघतो. हे उघडून बघणं फार महत्त्वाचं आहे, बॅकअप झाला असं दाखवतं आणि आत फायली रिकाम्या असतात असंही झालेलं आहे.

नौपाड्याची_सीए

दादा, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे आत्ता आर्टिकलमधला एक मुलगा आठवण झाली की पेन ड्राइव्हवर टॅलीचा बॅकअप घेतो. एवढंच. मी क्लायंट्सना सांगते की कंपनी असाल तर १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेलवालं, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरच पाहिजे, पुस्तकं ८ वर्षं सांभाळायला हवीत, इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे, २०२२ पासून नियमात रोज हा शब्द आलाय. आणि माझ्या स्वतःच्या ऑफिसात हे. आज संध्याकाळीच दोन डिस्क आणते, लाल आणि हिरवी टेप पण.

कळवा_ब्रॉडबँड

मॅडम सगळं क्लाउडवर का टाकत नाही, टॅली पण क्लाउडवर मिळते, आवाजाचा प्रश्नच मिटेल.

नौपाड्याची_सीए

विचार केला होता. सात जणांचं महिन्याचं भाडं वर्षभर जोडलं तर दोन वर्षांत माझं पूर्ण बजेट संपतं, आणि आमच्या गल्लीत रस्ता खोदला की नेट जातं, मागच्या वर्षी नेमकं २८ सप्टेंबरला दुपारभर गेलं होतं. ३० सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिट, त्या दोन दिवसांत नेटच्या भरवशावर बसायची माझी तयारी नाही. बॅकअपची एक कॉपी मात्र क्लाउडवर ठेवीन, ती रात्री हळूहळू गेली तरी चालेल.

मानपाडा_हार्डवेअर

ताई, दोन गोष्टी राहिल्या. एक यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस डेस्कटॉपला पुरतो, पण यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या आणि त्याची केबल मशीनला जोडा, बहुतेक लोक ती बॉक्समध्येच ठेवून देतात. ती जोडली की लाइट गेल्यावर बॅटरी संपायच्या आत विंडोज स्वतःहून नीट बंद होतं. नाहीतर रात्री दोनला लाइट गेली, वीस मिनिटांनी यूपीएस गेला, मशीन धाडकन बंद आणि सकाळी टॅलीचा डेटा रिपेअरला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, पॉवर आली की आपोआप चालू हो ही सेटिंग पण ऑन करा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, बदलल्याची तारीख मार्करने वरच लिहा.

दुसरं, नेटवर्कची केबल कोणी टाकली आहे ते बघा. कुठल्याही कॉम्प्युटरवर नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १००० दिसायला पाहिजे. १०० दिसला तर सर्व्हर कितीही भारी आणा, फरक पडणार नाही. नौपाड्यातल्या जुन्या ऑफिसांत मी कितीदा बघितलंय, पैसे वाचवायला एकाच केबलच्या आठ तारांतल्या चार-चार वाटून दोन कॉम्प्युटर जोडलेले असतात. १००० ला आठच्या आठ तारा लागतात, चारवर १०० च मिळतो.

नौपाड्याची_सीए

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा उशीर झाला, रिटर्न्सची गडबड होती. काय काय झालं ते सांगते कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

रॅक सर्व्हर त्या माणसाने ३० हजारांत परत घेतला, १२ हजार गेले. वाईट वाटलं पण वीज बघा, परत द्यायच्या आधी वॅट मोजायचं मीटर लावून बघितलं तर काही न करता १४० वॅट खात होता, म्हणजे महिन्याला १०० युनिट नुसते पोटमाळ्यावर. नवीन मशीन तेच मीटर लावल्यावर २० वॅटच्या आसपास दाखवतं, महिन्याला १४-१५ युनिट. आमचं मीटर कमर्शियल आहे, फरक कळतो.

घेतला तो रिफर्बिश्ड टॉवर, आय-फाइव्ह आठवी जनरेशन, १६ जीबी, १९,५०० ला एक वर्षाच्या वॉरंटीसकट. २ टीबी एसएसडी, यूपीएस, रोजच्या बॅकअपची ४ टीबीची बाहेरची डिस्क, दोन पोर्टेबल डिस्क आणि नवीन गिगाबिट स्विच (सगळ्या नेटवर्क केबल जिथे जोडतात तो) असं सगळं मिळून ५६ हजारांत बसलं.

स्विच का, तर मानपाडावाले दादा, तुमचं शब्दशः खरं निघालं. सातपैकी पाच कॉम्प्युटरवर १०० दिसत होता. केबलवाल्याला बोलावून भिंतीवरचा डबा उघडायला लावला तर आतून एकच राखाडी केबल आलेली, आणि तिचं आवरण सोलून नारिंगी-हिरवी जोडी एका पिनला, निळी-तपकिरी दुसऱ्या पिनला, बारा वर्षं असंच चाललं होतं. माझ्यासमोर त्याने त्या तारा वेगळ्या केल्या, मी प्रत्येक रंग बघितला. नवीन केबल टाकल्यावर १ जीबीची फाइल जिला दीड मिनिट लागायचं ती दहा सेकंदांत गेली. खरं सांगते, जुन्या मशीनवरसुद्धा अर्धा त्रास या केबलचाच होता, आणि आम्ही तीन वर्षं सिनियर अकाउंटंटला बोल लावत होतो की तुमचं मशीन हळू आहे. त्यांना मी तसं सांगितलं, सगळ्यांसमोर.

आवाजाचं सांगायचं तर मशीन पोटमाळ्यावर आहे आणि खाली काहीच ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मात्र एक घुंऽऽ येत होतं, मी घाबरले, परत तेच की काय. मशीनवर कान ठेवला तर ते शांत. पोटमाळ्याच्या प्लायवूडवर हात ठेवला तर तळहाताला थरथर लागली. ती बाहेरची ४ टीबीची डिस्क निघाली, ती फिरणारी आहे ना, प्लायवूडवर ठेवल्यामुळे सगळी फळी तबल्यासारखी वाजत होती. आमच्या ऑफिसात साफसफाईला मावशी येतात, त्यांनी घरून तुटलेली हवाई चप्पल आणली, तिचे चार चौकोनी तुकडे कापून डिस्कच्या खाली ठेवले. आवाज गेला. डिस्कच्या भोवती जागा मोकळी ठेवलीये, कपाटात कोंबलेली नाही.

काका सोमवारी परत आले होते, सही राहिली होती. कानातलं मशीन काढलं नाही. मी मुद्दाम नेहमीच्या आवाजात बोलले, त्यांनी सगळं ऐकलं, मिसेसच्या लॉकरबद्दल एक गोष्ट राहिली होती ती त्यांनी स्वतःहून हळू आवाजात सांगितली.

हिरव्या टेपची डिस्क आज माझ्या घरी आहे. सानपाड्याच्या दादा, एकच विचारायचंय, पोर्टेबल डिस्कला पासवर्ड लावता का तुम्ही? क्लायंट्सचे पॅन, बँकेचे कागद सगळं त्यात आहे आणि मी ती पर्समध्ये घालून रिक्षाने जाते.

सानपाडा_कस्टम_ब्रोकर

लावतो, लावाच. विंडोज ११ प्रोमध्ये बिटलॉकर म्हणून डिस्कला कुलूप लावायची सोय आहे, डिस्कवर राइट क्लिक करून चालू करता येतं, वेगळे पैसे नाहीत. चालू करताना ४८ आकडी रिकव्हरी की देतं ती प्रिंट काढून घरच्या कपाटात ठेवा, त्याच पर्समध्ये नको आणि त्याच सर्व्हरवर तर अजिबात नको. पहिल्यांदा लावायला रात्रभर लागेल, मध्येच काढू नका. आणि लावून झाल्यावर ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पासवर्ड टाकून उघडते का ते एकदा बघा, मगच रिक्षात बसा.